मामाजींचं मत

भिंत नवरात्रात उभी राहिली. दिवाळी चार दिवसांवर आली तरी विजयाच्या पायांना भिंत ठाऊक झाली नव्हती. पहाटे मेथीची पाटी डोक्यावर घेतली की पाय आपसूक जुन्या गाडवाटेला लागत आणि शंभरेक पावलांवर समोर सिमेंटच्या विटा येत. मग ती तिथंच थांबून "अरे देवा" म्हणे आणि मान न हलवता अख्ख्या अंगानं नाल्याकडे वळे.

अवधपुरीच्या कॉलन्या जिथं संपतात तिथं त्यांचं दोन एकराचं शेत होतं. तिचे सासरे नीळकंठ, ज्यांना ती मामाजी म्हणे, साठ साली वरुडकडच्या पुसल्याहून भोपाळला आले ते मोठ्या कारखान्याचा पाया खणायला. पुढं तिथंच फिटरचे मदतनीस झाले आणि पै पै साठवून त्यांनी ही जमीन घेतली, कारण पायाखाली माती नसली तर त्यांना झोप येत नसे. आता ते शहाऐंशी वर्षांचे होते. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, उजवा हात सारखा थरथरणारा. शेत बघत होते मुलगा जयंत आणि सून विजया. मेथी, पालक, कोथिंबीर, थोडा झेंडू. गावाच्या चार पिढ्यांच्या वापरातली गाडवाट नव्या कॉलनीवाल्यानं एका रात्रीत बंद केली आणि पिकअप गाडी शेतापर्यंत येईनाशी झाली. माल डोक्यावर आला.

नाल्यावर विजेचा एक जुना सिमेंटचा खांब आडवा टाकलेला होता, तोच पूल. दवानं तो शेवाळलेला असे. विजया चपला काढून कमरेला खोचायची आणि अंगठ्यानं चाचपत पलीकडे जायची. मागच्या आठवड्यात जयंतचा पाय तिथंच सटकला होता. पालकाची पाटी नाल्यात गेली आणि तो गुडघ्यावर आपटला. तेव्हापासून त्याला वाकून मेथी उपटता येत होती, पण ओझं घेऊन चालता येत नव्हतं. दिवसाच्या चार खेपा एकट्या विजयाच्या मानेवर आल्या.

नाला ओलांडला की कॉलनीच्या फाटकातून सडकेला लागायचं. त्या दिवशी गार्डनं हात आडवा केला.

"अम्मा, टाइल्स पर मिट्टी गिर रही है. साहब लोग बोलते हैं."

मेथीच्या मुळांतून खरंच ओली माती गळत होती. विजयानं पाटी खाली ठेवली. झाडू मागितला तर तो म्हणाला, झाडू सोसायटीचा आहे. मग तिनं पदराच्या टोकानं त्या चकचकीत फरशीवरची माती गोळा केली आणि मुठीत धरली. पहाटे फिरायला निघालेल्या दोन बाया तिला वळसा घालून गेल्या. पाटी पुन्हा डोक्यावर चढवायला कुणीतरी लागतं. गार्ड फोनमध्ये बघत होता. तिनं एक गुडघा टेकला, पाटी मांडीवर घेतली, मांडीवरून खांद्यावर आणि तिथून डोक्यावर. कमरेत काहीतरी कट्‌ झालं. सडकेवर पिकअप उभी होती, तिथं माल टाकेपर्यंत ती मूठ तशीच आवळलेली राहिली.

*

दुपारी परीक्षित आला. कॉलनीतला, मंत्रालयातल्या एका मराठी बाबूचा मुलगा, तिशीचा. एका मोठ्या पक्षाचं बूथ सांभाळायचा. भिंत बांधणारा बिल्डर त्याच पक्षाच्या उमेदवाराच्या, भैयाजींच्या, उठण्याबसण्यातला होता हे सगळ्यांना माहीत होतं.

"काका, टेन्शन घेऊ नका," तो खाटेवर बसत म्हणाला. "भैयाजींशी बात झाली माझी. भिंतीत आठ फुटाचं गेट काढून देतात. मतदानाच्या आधी."

जयंतनं जुडी बांधायची थांबवली. "लिहून देतील?"

"असं कुणी लिहून देतं का? तुमच्या घरची मतं तीन. बाबूजी ऐंशीच्या वरचे, त्यांचं मत घरीच होणार, परवा. टीम येते कागद घेऊन. त्यांना दिसत नाही, म्हणजे सोबत काकू बसतील." तो विजयाकडे बघून हसला. "काकू, कागदावर निशाण केलं की मोबाइलनं एक फोटो काढून घ्या. एवढंच. मी भैयाजींना दाखवतो, की बघा, हे घर आपलं आहे."

विजया विळ्यानं मुळं छाटत होती. तिनं वर पाहिलं नाही.

तो गेल्यावर जयंत गुडघ्याला तेल लावत बसला. मग म्हणाला, "मी काही सांगत नाही, पण तूच बघ. खांबावरून मी पडलो, उद्या तू पडशील. बाबांना दिसून राहिलं का? तू जिथं करशील तिथं होईल."

"मामाजींना विचारलं का तुम्ही?"

"त्यांना काय विचारायचं? त्यांची माणसं गेली सगळी मरून."

आतल्या खोलीत नीळकंठ जागेच होते. त्यांनी ऐकलं असणार.

*

चारच्या उन्हाला विजया त्यांना अंगणात आणून बसवायची, कोमट पाण्यानं हातपाय पुसून द्यायची. त्यांच्या पायांच्या टाचा कारखान्याच्या लोखंडानं आणि नंतर शेतानं इतक्या घट्ट झाल्या होत्या की पाणी त्यांत शिरत नसे. पाय पुसता पुसता ती म्हणाली, "मामाजी, परवा ते लोक येतील. कोणाला द्यायचं ठरवलं?"

"वेळेवर सांगीन."

मग ते आपणहून बोलू लागले.

"तू मास्साबला नाही पाहिलं. तुझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. शाळेत गणित शिकवायचा, मग आमदार झाला एक खेप. नव्वद सालात पुन्हा उभा राहिला. प्रचाराला आला तेव्हा आम्ही म्हटलं, तलावाचा पाट गाळानं बुजला आहे, पाणी येत नाही. तो म्हणाला, निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येतो, सगळे मिळून साफ करू. आणि पडला. चांगला साडेसात हजारांनी पडला."

"मग?"

"मग काय. कोण येते पडल्यावर? मी आपला सकाळी म्हैस घेऊन पाटाकडे गेलो. पाहतो तं मास्साब. एकटा. धोतर वर खोचलेलं, कमरेइतक्या गाळात उभा, हातात फावडं. डोळे सुजलेले, रात्रभर झोपला नसेल. मी म्हटलं, मास्साब, तुम्ही तर हरले. तो म्हणतो, 'नीलकंठ, हारा मैं हूँ. पानी थोड़े ही हारा है.' आणि पुन्हा फावडं मारायला लागला."

नीळकंठांचा थरथरणारा हात हवेत उचलला गेला आणि तिथंच राहिला.

"मी म्हैस सोडली आणि गाळात उतरलो. मग शेजारच्या शेतातला धनसिंग आला. मग बाया आल्या. दुपारपर्यंत चाळीस-पन्नास माणूस झाला. ज्यांनी त्याला मत नाही दिलं तेही आले, आणि विजे, ते रडत होते. चार दिवसांत पाणी आलं. आज तू जे वाफे भरतेस ना, ते पाणी त्या पाटाचं. त्याच पावसाळ्यात गेला तो. बसमध्ये बसल्या बसल्या. कंडक्टरला वाटलं झोपला. फुकटचा पास होता त्याच्यापाशी, तरी खिशात तिकीट सापडलं."

विजया पंचा हातात घेऊन तशीच उकिडवी बसून राहिली. रोज संध्याकाळी ती पाटाचं दार उघडायची, पाणी काळ्या ढेकळांतून वळत वाफ्यात शिरायचं आणि ती दुसऱ्या कामाला लागायची. त्या पाण्यात एक हरलेला माणूस उभा होता हे आजवर तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पण तिचंही एक माणूस होतं. तिला ते कुणाकडून ऐकावं लागलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये, करोनाच्या लाटेत, सासू, रत्नप्रभाबाई, घरातच गेल्या. जयंत दवाखान्यात ऑक्सिजनवर, मामाजी तापात बडबडत होते, मुलगा अमेय पुण्यात अडकलेला. शेजारी दारं लावून बसले होते आणि त्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. विजयानं वीस-पंचवीस फोन केले. शेवटी सरोजताईंना केला. सरोजताई एकेकाळी वॉर्डाच्या पार्षद, म्हणजे नगरसेविका, होत्या. तेव्हा तर त्यांची मुदतही संपून गेली होती, हातात काही नव्हतं. तासाभरात त्या आल्या. सोबत एक छोटा टेम्पो, त्याचा ड्रायव्हर आणि सोनल नावाची त्यांची तरुण कार्यकर्ती. तेव्हा पाइपसाठी गाडवाट मध्येच खणलेली होती, म्हणून टेम्पो सडकेवरच थांबला. घरापासून सडकेपर्यंत तिरडी न्यायला चार खांदे हवे होते आणि बरोबर चारच माणसं होती, त्यांतल्या तीन बायका.

"विजया, माझ्या पायाबरोबर पाय टाक," सरोजताई पुढून म्हणाल्या होत्या. "घाई नको. तुझ्या आत्याबाईंना हिसका बसायला नको."

एवढंच. भर उन्हात, तोंडाला दोन-दोन मास्क, बासष्ट वर्षांची ती बाई पुढचा खांदा देऊन चालली होती. तिची मान एका बाजूला वाकली होती आणि मानेवरून घामाचा ओघळ थेट पाठीत जात होता. विजयानं तेवढंच पाहिलं, सगळी वाट तेवढंच पाहत ती चालली. तिच्या घरात बाईनं कधी खांदा दिला नव्हता. आणि आपण तो देतो आहोत, आपल्याला तो पेलतो आहे, हे तिला सडकेवर पोचल्यावर कळलं.

अकराव्या दिवशी सरोजताईही त्याच आजारानं गेल्या. पुढच्या निवडणुकीत त्या आमदारकीला उभ्या राहणार असं सगळे म्हणत. आता त्यांच्या जागी सोनल उभी होती, अपक्ष. एक भाड्याचा ऑटो, त्यावर भोंगा. निवडून येणार नाही हे भोंगा लावणाऱ्यालाही माहीत होतं.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला धनसिंगची नात धावत सांगत आली, "काकी, सरकार आ गई!"

विजया हात पुसत बाहेर आली आणि बघतच राहिली. नाल्यापलीकडे माणसांची एक रांग उभी होती. त्यांनाही कॉलनीच्या बाजूनं गाडी आत आणता आली नव्हती. पुढं पायजामा दुमडलेला एक चष्मेवाला अधिकारी, मागे साडी सावरणारी एक मॅडम, मग छातीशी पुठ्ठ्याची मोठी घडी धरलेला कर्मचारी, कॅमेरेवाला, बंदूकवाला शिपाई आणि सगळ्यांत मागे पक्षांचे दोन प्रतिनिधी. त्यांतला एक परीक्षित. अधिकाऱ्यानं बूट काढले. कुलूप लावलेली पत्र्याची पेटी त्यानं डोक्यावर धरली, अगदी विजया मेथीची पाटी धरते तशी, आणि खांबावर पाय ठेवला.

"सर, सांभाळून," विजया इकडून ओरडली. "अंगठा रोवा आधी!"

एक एक करून सगळे अलीकडे आले. शिपायाचा एक पाय चिखलात गेला. मॅडमच्या साडीला गोखरू चिकटले. विजयाला वाटलं, हे लोक आता चिडतील. अधिकारी चष्मा पुसत म्हणाला, "नीलकंठजी का घर यही है न? उन्हीं के लिए आए हैं."

उन्हीं के लिए. सात माणसं, एक बंदूक, एक कुलूपबंद पेटी. एका आंधळ्या म्हाताऱ्यासाठी. आयुष्यात या घरी सरकारचा माणूस आला तो मोजणीला, वीज कापायला, नोटीस चिकटवायला. काही मागून घ्यायला, हात जोडून, कधीच नाही. विजयाचे डोळे उगाच भरून आले आणि ती पाणी आणायला आत पळाली.

मामाजींनी सकाळीच स्वच्छ सदरा मागून घेतला होता. त्यांना खाटेवर बसवलं. समोरच्या स्टुलावर पुठ्ठ्याची घडी उघडली, तीन बाजूंनी आडोसा झाला. मॅडमनं कागद वाचले, अंगठे घेतले. मग विचारलं, मदतीला कोण बसणार?

"माझी सून," मामाजी म्हणाले.

मॅडमनं विजयापुढं एक फॉर्म ठेवला. "पढ़ लीजिए. आप वही निशान लगाएँगी जो ये कहेंगे. और किसी को नहीं बताएँगी. कभी भी, किसी को भी. यहाँ दस्तखत."

विजयानं आजवर सह्या केल्या होत्या त्या जयंतच्या खाली, साक्षीदार म्हणून, जिथं बोट दाखवतील तिथं. हा कागद तिच्याच नावाचा होता. तिनं तो दोनदा वाचला आणि पूर्ण नाव लिहून सही केली.

"मोबाइल इधर रख दीजिए," अधिकारी म्हणाला. तिनं ठेवला. अंगणात उभ्या परीक्षितनं मान वळवली. दाराशी टेकलेल्या जयंतनं तिच्याकडे पाहिलं. त्याचा हात गुडघ्यावर होता.

ती आडोशाच्या आत वाकली. मामाजींनी तोंड तिच्या कानाशी आणलं. त्यांच्या श्वासाला सुंठेचा वास येत होता.

"सोनल," ते म्हणाले. "सरोजची."

कागद तिच्यासमोर होता. एकाखाली एक नावं. आठ फुटांच्या गेटाचं नाव वरून दुसरं, सोनलचं नाव खाली, शेवटून तिसरं. तिनं पेन धरलं आणि तिला एकदम कळलं, की या क्षणी जगात कुणालाही काही दिसत नाही. मामाजींना डोळे नाहीत. कॅमेरेवाल्याला पाठ करून उभं राहायला सांगितलं आहे. जयंतला पुठ्ठा आडवा आहे. उद्याही पाटी आहे, खांब आहे, कमरेतली कळ आहे. आपण कुठंही रेघ ओढली तरी हा म्हातारा 'झालं का' विचारेल आणि आपण 'झालं' म्हटलं की त्याला ते खरं वाटेल. एवढी मोठी गोष्ट कुणी तिच्या हातात यापूर्वी दिली नव्हती. तिरडीही नाही. तिरडीला चार खांदे होते.

तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि शेवटून तिसऱ्या नावापुढं खूण केली. ठळक, दोनदा गिरवून.

"झालं का विजे?"

"झालं, मामाजी."

"बस," ते म्हणाले, आणि त्यांचा सगळा देह सैल होऊन खाटेत बसला.

कागद पाकिटात गेला, पाकीट दुसऱ्या पाकिटात, डिंक लागला, पेटीत पडल्याचा हलका आवाज झाला. अधिकाऱ्यानं मामाजींच्या हाताला हात लावून नमस्कार केला. मग ती रांग आली तशीच खांबावरून परत गेली. परीक्षित मागे रेंगाळला.

"काकू, झालं ना आपलं?"

"मत झालं," विजया म्हणाली आणि पाण्याचे पेले उचलू लागली.

जयंतनं संध्याकाळी वाफ्यात विचारलं. "सांग ना. मला तरी सांगशील."

"मी सही करून दिली आहे हो."

"नवऱ्याला सांगायला कोणती सही आडवी येते?"

"त्यात लिहिलं होतं, कुणालाच."

त्यानं हातातलं खुरपं ढेकळात रोवलं आणि लंगडत निघून गेला. दिवाळीचे चारही दिवस तो तिच्याशी कामापुरतं बोलला. फराळाचं ताट त्यानं मामाजींच्या हातून घेतलं, तिच्या नाही. विजया खेपा करत राहिली. मान आखडली की चुंबळ जाड करायची, एवढंच.

*

मतदान होऊन गेलं. गेट झालं नाही. परीक्षितनं फोन उचलणं बंद केलं. धनसिंगच्या घरानं त्याला हवा होता तसा फोटो दिला होता, असं धनसिंगनंच मान खाली घालून सांगितलं. त्याच्या वाटेवरही भिंत तशीच होती. हे ऐकून जयंत बराच वेळ बांधावर बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं ट्रंकेतून शेताचा जुना नकाशा काढला, ज्यात गाडवाट ठळक दाखवली होती, आणि धनसिंगला घेऊन तहसिलीत गेला. अर्ज दाखल झाला. पटवारी मोजणीला येऊन गेला. पुढची तारीख जानेवारीतली मिळाली. परत आल्यावर त्यानं गुडघ्याला फडकं घट्ट बांधलं आणि विजयाच्या डोक्यावरची अर्धी पाटी आपल्या डोक्यावर घेतली.

मतमोजणीचा दिवस रविवार होता. थंडी पडली होती. तिघं अंगणात उन्हाला बसून पालकाच्या जुड्या बांधत होते. मामाजीही, कारण जुडी बांधायला डोळे लागत नाहीत, आणि थरथरता हात सुतळी गुंडाळताना कसा कोण जाणे स्थिर होई. जयंत मधूनमधून फोन बघत होता. दुपारपर्यंत सगळं स्पष्ट झालं. परीक्षितचे भैयाजी मोठ्या फरकानं आले. दूर कॉलनीत फटाके वाजले.

"सोनलचं काय?" मामाजींनी विचारलं.

"डिपॉझिट गेलं बाबा. साडेअकराशे मतं." जयंतनं बोटानं पडदा वर सरकवला. "मशीनची वेगळी लिहिली आहेत, पोस्टलची वेगळी. पोस्टलची एक्केचाळीस."

"पोस्टलची म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही घरी बसून दिलं ना, तसली."

मामाजींची सुतळी थांबली.

"एक्केचाळीस?" ते म्हणाले. "म्हणजे आणखी चाळीस?"

जयंतनं बापाकडे पाहिलं. मग विजयाकडे. ती खाली मान घालून जुडी बांधत होती, पण तिच्या बोटांतली गाठ बसत नव्हती. जयंतच्या तोंडावर राग आला असता तर तो आतापर्यंत यायला हवा होता. तो आला नाही. त्यानं हात पुढं करून तिच्या जुडीवर अंगठा दाबून धरला, आणि तिनं गाठ मारली.

"मला वाटत होतं मी एकटाच उरलो," मामाजी म्हणाले. त्यांचा चेहरा उन्हाकडे वर झाला होता आणि त्या पांढऱ्या पडलेल्या डोळ्यांत काहीतरी मोठं दिसत असल्यासारखं ते पाहत होते. "सगळे माझ्याएवढे म्हातारे? आणि सगळ्यांना आठवते? चाळीस जण, जयंता! कुठं कुठं राहत असतील रे?"

पोस्टलच्या मतांत ड्यूटीवरच्या सरकारी नोकरांचीही मतं असतात, हे जयंतला माहीत होतं. सांगायला त्यानं तोंड उघडलं. बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"हो बाबा," तो म्हणाला. "आणखी चाळीस."